मामांचा अंगठा आणि काशाची वाटी

लोकांची नखं दाबायची, हा माझा पगारी धंदा आहे. हसू नका. मी रीतसर शिकलेली नर्स आहे आणि आमच्या हॉस्पिटलात डेंग्यूवर जे संशोधन चालू आहे, त्यात मी काम करते. पेशंटचं बोट हातात घ्यायचं, नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरायचं, सोडायचं आणि गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग पायांना हात लावायचा. गरम आहेत की गार? गार असतील तर कुठपर्यंत, घोट्यापर्यंत की पार गुडघ्यापर्यंत? शेवटी पायाच्या अंगठ्याला एक चिमुकला सेन्सर चिकटवायचा, की तिथं रक्त कितपत वाहतंय ते पडद्यावर दिसतं. यंत्राचं आणि माझ्या बोटांचं एकमत होतं का, हे संशोधन चालवणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना बघायचंय. कारण यंत्र हॉस्पिटलात एकच आहे आणि बोटं सगळ्यांकडे असतात.

जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट आहे, चौथ्या मजल्यावर. नवीन नवीन कामाला लागले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "काय करता हो तुमी हॉस्पिटलात?"

"नखं दाबते," मी म्हटलं. दमून आले होते, जास्त बोलायची ताकद नव्हती.

"मग पार्लरचं बी करता व्हय?"

असा राग आला म्हणून सांगू! माझं डोकं तसंही लवकर तापतं, आणि त्यात सोलापूरचा मे महिना. पण मग तिथंच जिन्यात, हातात भाजीची पिशवी घेऊन, मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. डेंग्यूत माणसाचा घात सहसा ताप करत नाही. ताप उतरायला लागतो ना, तेव्हा काही जणांच्या रक्तवाहिन्या गळक्या होतात. रक्तातलं पाणी झिरपून बाहेर जातं आणि आत फिरायला रक्त पुरत नाही. डॉक्टर त्याला शॉक म्हणतात. "आता आपल्या बिल्डिंगचंच बघा," मी म्हटलं. "पाण्याला दाब नसला की आधी कुणाचा नळ बंद होतो? आमचा, चौथ्या मजल्यावरचा. तुमच्याकडं खाली बादल्या भरतच असतात. शरीर पण तसंच करतं. आधी हृदय, आधी मेंदू. हातापायांचं पाणी तोडलं तरी चालेल म्हणतं. म्हणून हातपाय आधी गार पडतात. वरून माणूस बोलतोय, हसतोय, बीपी बरं दिसतंय, आणि आत टाकी रिकामी होत चाललेली असते."

काकूंना पटलं. त्यांनी लगेच आपला अंगठा पुढं केला. "बघा की मग माझी टाकी."

पण खरा सराव मी घरी केला, आणि तो मामांच्या अंगठ्यावर. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडे तशीच रीत आहे. माझं माहेर मोडनिंबचं, शेतीवाडीतलं. सासर अक्कलकोटचं. मामांचं तिथल्या बाजारात भुसार मालाचं दुकान होतं. ज्वारी, तूर, हरभरा यांच्या पोत्यांत हयात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान दुसऱ्याला देऊन दोघं आमच्याकडे राहायला आले. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. माझ्याबद्दल काही बोलायचं असलं की मात्र दोघं पटकन कानडीत शिरतात. मला आता सगळं कळतं. कळतं हे त्यांना सांगायची मला काही घाई नाही.

तर मॅडमनी सांगितलं होतं, निरोगी माणसांवर हात बसवा. आमचे हे पहिल्याच दिवशी "मला मीटिंग आहे" म्हणून सटकले. मामांनी मात्र बातम्या बघता बघता डावा हात पुढं केला. रुंद, चपटा अंगठा. तरुणपणी त्यावर दुकानातलं वजन पडलं होतं, त्याची नखावर एक आडवी खोबण राहिलेली. मी दाबायची, सोडायची आणि मोजायची.

"असं काय मोजती?" मामा म्हणाले. "पहिल्याला एक म्हनत न्हाईत. लाभ म्हनत्यात."

भुसार बाजारात माप घालताना असंच मोजतात. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. मामांनी जन्मभर तसंच मोजलं. इतकं, की जिना चढतानासुद्धा पहिली पायरी त्यांना लाभच असते. झालं, आमचा रोजचा खेळ सुरू झाला. मी अंगठा सोडला की मामा टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचे, "लाभ..." आणि दोन म्हणायच्या आत नख गुलाबी झालेलं असायचं. मग ते मान डोलवायचे. "आला की परत! लिही तुझ्या मॅडमला, माल एक नंबर हाय." वर्षभर हे चाललं. त्या अंगठ्याचा रंग कुठल्या कडेनं परत यायला लागतो हेसुद्धा मला पाठ झालं. आधी खोबणीच्या खालून, मग वर.

घरात आणखी एक प्रयोगशाळा होती, ती आत्यांची. त्यांच्याकडे एक काशाची वाटी आहे, त्यांच्या आईनं लग्नात दिलेली. जेवणं झाली की मामा सोफ्यावर पाय सोडून बसतात. आत्या खाली पाटावर बसून त्यांच्या तळव्याला साजूक तूप लावतात आणि वाटी पालथी धरून गोल गोल घासतात. घासता घासता तळवा काळा व्हायला लागतो. "बघ, उष्णता निघाली," आत्या म्हणतात. डोळे जळजळले, वाटी. झोप आली नाही, वाटी. ताप आला, वाटी. ऊन लागलं तर विचारायलाच नको.

आमची यावरून रोज जुंपायची. "आत्या, तो काळा रंग उष्णतेचा नाही, काशाचा आणि तुपाचा आहे."

"व्हय का? मग माझ्या हाताला का लागत न्हाय?"

"लागतो की! बघा तुमची बोटं."

"ती उष्णता हातानं वढली म्हनून लागली," आत्या म्हणायच्या आणि अधिक जोरानं घासायच्या. मामा डोळे मिटून गप्प. अगदी गुंगी आली की पुटपुटायचे, "साक बिडु." म्हणजे पुरे, सोड आता. तरी आत्या सोडायच्या नाहीत. खरं सांगायचं तर या दोघांना मी एकमेकांशी धड दोन वाक्यं बोलताना फारसं ऐकलं नाही. "चहा?" "ठेव." संपलं. दिवसभराचं जे काही असेल ते त्या वाटीतूनच व्हायचं. मला हेवा वाटायचा. आमचे हे माझे पाय चोळणार म्हणजे त्या दिवशी सोलापुरात बर्फ पडेल.

पाऊस सरता सरता आमच्याकडे डेंग्यूचा हंगाम सुरू होतो. पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, टाक्या, पिंपं भरलेली, आणि त्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यावरच ते मेलं मच्छर वाढतं. मी बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज बॅरल झाका म्हणून बोंबलते आणि लोक खाली नमस्काराचे हात पाठवतात. त्या वर्षी आमच्या वॉर्डात पेशंट मावेनात. दिवसभर अंगठे, अंगठे आणि अंगठे. आणि अशातच एका सकाळी मामांना थंडी वाजून ताप भरला. अंग ठणकत होतं, डोळ्यांच्या मागं दुखत होतं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. दिवसभर दुसऱ्यांच्या घरच्यांना "घाबरू नका" सांगणारी मी, रिक्षात मामांचा हात घट्ट धरून बसले होते.

आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. पण संशोधनात त्यांना घेता येईना. कर्मचाऱ्याच्या घरचं माणूस चालत नाही, मॅडमचा नियम कडक. म्हणजे वर्षभर ज्या अंगठ्यावर मी शिकले, त्याला सेन्सर नाही की ठरल्या वेळेची तपासणी नाही. साध्या वॉर्डात साधा पेशंट. मी वरच्या मजल्यावर कामाला, मामा खाली, जवळ आत्या.

आता डेंग्यू म्हटलं की आपल्या गावात एकच प्रश्न. प्लेटलेट किती? माणूस कसा आहे, हे कुणी विचारत नाही. फोन उचलला की, "प्लेटलेट किती?" कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन आलं, कुणी किवी, कुणी बकरीचं दूध. एका पाहुण्यानं तर ड्रॅगन फ्रूटची अख्खी पेटी आणली. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या बायकोनं आमचं बघून तिच्या भावाला तेच आणायला पिटाळलं. मी प्रत्येकाला सांगत सुटले, "अहो, प्लेटलेटपेक्षा त्यांचे हातपाय बघा, लघवी किती होते ते बघा." माझं कोण ऐकतंय! पाहुणे "हो हो" म्हणायचे आणि ह्यांना बाजूला घेऊन परत विचारायचे, "किती म्हणाले प्लेटलेट?"

मामा मात्र मजेत होते. तापातसुद्धा नर्सेसना ज्वारीचे भाव सांगत होते. संध्याकाळी मी गेले की अंगठा पुढं करायचे. "लाभ..." रंग हजर. "आला की परत!"

मग ताप उतरला. सकाळी अंग निवलं, घाम आला, तापमान साफ खाली. आत्यांच्या चेहऱ्यावर कोण आनंद! त्यांनी तिथूनच अक्कलकोटच्या दिशेनं हात जोडले. मामा म्हणाले, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणा. आमचे हे तर डिस्चार्ज कधी मिळेल ते विचारून आले. मी मात्र मनातून घाबरले. सगळे जिथं सुटलो म्हणतात, तिथून आमचं संशोधन सुरू होतं. ताप गेल्यावरचा एक-दोन दिवसांचा काळच खरा राखायचा असतो. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "तुला प्रत्येकात पेशंटच दिसतो." भांडायला वेळ नव्हता, वर माझे पेशंट थांबले होते. आत्यांना बजावलं, "आज डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा," आणि वर गेले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत खाली धावले. डबासुद्धा उघडला नाही. मामा एका कुशीवर पडून होते. मी आधी नर्सला विचारलं. ती म्हणाली, "बीपी बरंय, शंभरच्या वर आहे." मग चादर वर करून दोन्ही पायांना घाईत वरून हात लावला. पाय कसे? तव्यावरून आत्ता उतरलेल्या भाकरीसारखे! गरम, लालसर. पायाचा अंगठा दाबला, रंग चटकन आला. माझा जीव भांड्यात पडला. देवा, वाचवलंस, असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले. आत्या कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या, त्या हसल्या. "सांगितलं न्हाय का, बरे हायेत म्हनून."

मी निघालेच होते. पण मामांनी ज्वारीचा विषय काढला नाही. भाकरीचं विचारलं नाही. नुसती कूस बदलली, परत बदलली. पाणी मागितलं आणि एक घोट घेऊन नको म्हणाले. पोटात दुखतंय म्हणाले. मला कसंतरीच वाटलं. म्हणून जाता जाता, नुसतं सवयीनं, त्यांचा डावा हात घेतला. हात गार होता. गार आणि ओलसर.

मी अंगठा दाबला आणि सोडला. मामा काही बोललेच नाहीत. मग मीच म्हटलं, "लाभ..." नख पांढरं. "दोन." पांढरं. "तीन." खोबणीच्या खाली जिथून रंग उगवतो तिथं काही नाही. चार म्हटल्यावर कुठं कडेला फिकट गुलाबी दिसलं. मामांनी डोळे किलकिले केले आणि हळू आवाजात विचारलं, "आला का गं परत?"

हे असं होऊच शकत नव्हतं. पाय आधी गार पडतात, मग हात. रोज वर मी हेच बघते. हात इतके गार आणि पाय भाकरीसारखे गरम? कुठल्या पेशंटचे पाय असे असतात? मी परत चादर उचलली, आणि या वेळी तुपाचा वास आला. पाय वळवून बघितले. दोन्ही तळवे काळेभोर, चकचकीत.

"आत्या," मी म्हटलं, "पाय कधी चोळले?"

आत्यांनी पदराखालून रुमालात गुंडाळलेली वाटी काढली. "सकाळधरनं चोळतेय की. लई गार पडले हुते. जरा थांबलं की परत गार. म्हनून हात सोडलाच न्हाय. तू यायच्या आधी आत्ताच जरा टेकले."

मी ओरडले. अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या इतकं ओरडले. "गार पडले होते तर सांगायचं नाही कुणाला? इतक्या नर्स फिरतात, डॉक्टर फिरतात, एकाला तरी सांगायचं नाही?" आत्यांच्या हातातली वाटी खाली पडली आणि फरशीवर गोल फिरत राहिली. मी उचलली नाही. मामांच्या गुडघ्याला हात लावला. तुपाचा हात घोट्यापर्यंतच पोचला होता. घोट्याच्या वर पाय गार, गुडघ्यापर्यंत थंडगार. नर्सला म्हटलं, बीपीचे दोन्ही आकडे सांग. वरचा एकशे चार, खालचा अठ्ठ्याऐंशी. म्हणजे वरचा आकडा बरा दिसत होता, पण दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ सरकले होते. आमच्या कामात ही धोक्याची घंटा असते. सकाळपासून लघवी झाली का, तर आत्या म्हणाल्या, न्हाय.

मॅडमना फोन लावला. मॅडम लिफ्टची वाट न बघता जिन्यानं आल्या. मामांचा गुडघा बघितला, अंगठा बघितला, तळवा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सासूबाईंनी चोळलेत." त्यांनी लगेच सलाईन सुरू करायला सांगितलं आणि मामांना वरच्या आयसीयूत हलवलं. डेंग्यूच्या शॉकमध्ये पाणी द्यायचं ते हिशेबानं. कमी दिलं तर रक्त फिरत नाही, जास्त दिलं तर तेच झिरपून फुफ्फुसात साचतं. म्हणून दर थोड्या वेळानं परत बघायचं. अंगठा, गुडघा, बीपी, लघवी. मॅडम म्हणाल्या, "तू बाहेर बस, मी बघते." मी म्हटलं, "मॅडम, हा अंगठा मला पाठ आहे." त्यांनी मला राहू दिलं.

त्या दुपारी मी किती वेळा तो अंगठा दाबला, देव जाणे. मला खूप भीती वाटत होती. कामात असताना मी कधी घाबरत नाही, पण तेव्हा माझी बोटंच मामांच्या बोटांइतकी गार पडली होती. रंग यायचा, पण रेंगाळत. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा कुठं नर्सनं लघवी झाल्याचं सांगितलं, आणि लघवी झाली म्हणून एवढा आनंद झालेली मी जगातली एकटीच सून असेन.

मग बाहेर आले. आमचे हे औषधं आणायला गेले होते. आत्या बाकावर एकट्याच, मांडीवर रुमाल, रुमालात वाटी. मी शेजारी बसले. रुमालाची टोकं सारखी करत त्या म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं का हे?"

"नाही, आत्या. वाटीनं काही झालं नाही. आजार त्याच्या वाटेनंच चालला होता. फक्त पाय गरम लागले, म्हणून आम्हाला दिसला नाही."

"गार पाय कसे बघवतील मला? गार म्हनून तर चोळले."

"तेच तर. अख्ख्या हॉस्पिटलच्या आधी तुम्हाला कळलं होतं. एका शब्दानं सांगायचं होतं."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बायकोनं नवऱ्याचे पाय चोळले, हे काय सांगत सुटायचं असतं का गं चारचौघांत?" म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मघाशी त्यांच्यावर ओरडले होते त्या तोंडानं आता काय समजूत काढणार? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीही रडून घेतलं. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयला वाटलं असेल, गेला यांचा माणूस. तो बिचारा हळूच पाण्याची बाटली ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच आयसीयूत गेले. मामांच्या तोंडाला चव नव्हती, चेहरा उतरलेला. मी काही न बोलता अंगठा दाबला आणि सोडला. खोबणीच्या खालून रंग उगवला आणि भसकन वर गेला. मामांना "लाभ" म्हणायलासुद्धा सवड मिळाली नाही. "आरं, जरा दम धर की," ते अंगठ्याला म्हणाले. मी बाहेर येऊन आत्यांना सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि डोळे पुसले.

इकडे मॅडमच्या डोक्यात मात्र तळवे घुसले होते. दोन दिवसांनी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, "आपण पाय बघतो, पण आपल्या आधी त्या पायांना कुणाकुणाचे हात लागलेत, हे आपण विचारतच नाही." मग आम्ही विचारायला लागलो. आणि काय सांगू तुम्हाला! कुणी सुंठेची पूड चोळत होतं, कुणी लसूण घालून कडवलेलं तेल. एका मावशींनी गरम पाण्याची बाटली चादरीत लपवली होती आणि वर दोन मोजे चढवले होते. एकानं तर बापाचे पाय आपल्या पोटाशी धरून ठेवले होते. कुणीही डॉक्टरला सांगितलेलं नव्हतं. प्रेमाच्या गोष्टी कोण राऊंडला सांगतं? आता आम्ही पायाला हात लावायच्या आधी विचारतो, "पाय चोळले का? कधी? आणि गार पडले होते का?" या शेवटच्या प्रश्नाला नातेवाईक जे उत्तर देतात, ते मॅडम फार लक्ष देऊन ऐकतात. चोळलेलं असेल तर आम्ही थांबतो, हात बघतो, गुडघा बघतो. वॉर्डात एक पाटीपण लावली आहे, "पाय गार वाटले तर चोळण्याआधी नर्सला सांगा." खाली कानडीत आणि तेलुगूतसुद्धा लिहिलंय. कानडी मजकूर आत्यांनी तपासून दिला, आणि माझ्या एका मराठी वाक्याचीही पार चिरफाड केली.

मामा घरी आले. थोडे हडकले होते, पण आठवड्याभरात ज्वारीचे भाव परत सुरू झाले. बॅरलवर आता झाकण आहे, आणि झाकणावर मामा स्वतः एक वीट ठेवतात. सगळं पूर्वीसारखं झालं, एक सोडून. वाटी दिसेनाशी झाली. जेवणं झाली की मामा सोफ्यावर पाय सोडून बसायचे आणि आत्या आतल्या खोलीत निघून जायच्या. मामा मात्र पाय तसेच पुढं सोडून बसायचे, बराच वेळ. मला ते बघवायचं नाही. घरात कुणीतरी रुसलंय असं वाटायचं, आणि रुसलेलं कुणीच नव्हतं. आत्या घाबरल्या होत्या. ज्या हातांनी आयुष्यभर मामांना बरं केलं असं त्या समजत होत्या, त्या हातांचाच त्यांनी धसका घेतला होता.

मग थंडी पडली. सोलापूरची थंडी ती केवढी, पण मामांनी मफलर गुंडाळला. एक दिवस जेवणानंतर बातम्या चालू होत्या आणि मामा टीव्हीकडे बघतच म्हणाले, "पाय गार पडलेत." कुणाला उद्देशून, कळलं नाही. भिंतीला म्हणाले असतील. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

मी खुर्ची घेतली, माळ्यावर हात घातला. वाटी जुन्या साडीत बांधून अगदी मागं सारलेली. ती काढली, पुसली, तुपाचं भांडं घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्यांच्या हातात दिली. "चला, आत्या."

"नको गं बाई. तूच चोळ."

"मला येत नाही. आणि माझ्या हातानं ती उष्णता निघते होय? चला."

आत्या बाहेर आल्या. पाट घेतला, बसल्या. मामांचा पाय मांडीवर घेतला. तुपात बोट बुडवलं आणि तसंच थांबल्या, बोटावरून तूप ओघळायला लागलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आधी तू बघ."

मी त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसले. मामांच्या पायाचा अंगठा धरला, दाबला. पांढरा पडला. आत्या वाकून बघत होत्या. मी सोडला.

"लाभ," आत्या म्हणाल्या.

दोन म्हणायची वेळ आली नाही. आत्यांनी तो गुलाबी अंगठा स्वतःच्या बोटानं एकदा दाबून बघितला, परत रंग आला, आणि मग त्यांनी तूप लावून वाटी फिरवायला सुरुवात केली. मामांनी डोळे मिटले. तळवे काळे झाले, पार काळे झाले, तरी त्या रात्री ते एकदाही "साक बिडु" म्हणाले नाहीत.